मोड कुठे मांडायची?

परवा नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका दुकानात एक बाई मोड, म्हणजे बदल्यात द्यायचं जुनं भांडं, घेऊन आल्या होत्या. सासूच्या वेळचा पितळी हंडा. काठ चेपलेला, बुडाला ठिगळ, आतली कल्हई कधीच उडालेली आणि गळ्याशी ठोक्याठोक्याने कोरलेलं नाव. हा द्यायचा आणि त्या जागी पितळी पातेलं न्यायचं असा बेत. दुकानदारांनी हंडा काट्यावर ठेवला, ४ किलो १०० ग्रॅम भरला. ठिगळाची आणि काजळीची १०० ग्रॅम घट धरली, राहिले ४ किलो. मोडीचा भाव ४५० रुपये किलो, म्हणजे १८०० रुपये. नवं पातेलं ३ किलो २४० ग्रॅम, ८०० च्या भावाने २५९२. एवढं सगळं त्यांनी चिठ्ठीवर मांडेपर्यंत गल्ल्यावरच्या पोराने कॉम्प्युटरवर बिल काढायला घेतलं. त्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मोड मांडायला जागाच नव्हती. तो जरा घुटमळला आणि १८०० चा आकडा त्याने 'डिस्काउंट'च्या चौकटीत टाकला. प्रिंटरमधून बिल आलं ८३१ रुपये ६० पैशांचं. चिठ्ठीवरचा आकडा होता ९२१ रुपये ६० पैसे.

दुकानदारांनी दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. छापील बिल चुरगळून खिशात घातलं आणि बिलबुकातून हाताने बिल फाडून दिलं. पोराला म्हणाले, "राहू दे ते आता, उद्या बघू."

फरक नव्वद रुपयांचा.

हे नव्वद रुपये म्हणजे कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तांब्या-पितळेच्या भांड्यांवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. २५९२ वर ५ टक्के म्हणजे १२९ रुपये ६० पैसे. मोडीचे १८०० आधीच वजा केले तर कर उरतो फक्त ७९२ वर, ३९ रुपये ६० पैसे. मोड ही सूट नसते. गिऱ्हाइकाने पैशांऐवजी दिलेली ती वस्तू आहे. जीएसटीच्या नियमांत, नियम २७ मध्ये, याचं उदाहरणच दिलेलं आहे: जुना फोन देऊन नवा २० हजारांना घेतला आणि तोच नवा फोन जुना न देता २४ हजारांना मिळत असेल, तर कर २४ हजारांवर. म्हणून मोड बिलाच्या तळाशी, कर लागून झाल्यावर वजा व्हायला हवी आणि वेगळ्या खात्यात खरेदी म्हणून जमा व्हायला हवी. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून भंगार धातू घेतला तर कर घेणाऱ्याने भरायचा, अशी उलट आकारणी आली आहे. घरगुती मोडीला ती कशी बघायची, हे आपापल्या सीएंना विचारून ठरवावं. पण मोडीचं खातं वेगळं असेल तरच त्यांना काही सांगता येईल. डिस्काउंटमध्ये विरघळलेली मोड मार्चमध्ये कुणालाच बाहेर काढता येत नाही.

पोराची यात चूक नाही. त्याला जी चौकट दिसली ती त्याने भरली. मनात राहिलं ते वेगळंच. दुकानदारांच्या चिठ्ठीला मोड, घट, भाव, कर सगळं कळतं, कारण ती चिठ्ठी याच धंद्यात तयार झाली. पडद्याला बिस्किटाचे पुडे कळतात. बहुतेक दुकानांत सॉफ्टवेअर येतं ते असंच: विकणारा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, साबण-बिस्किटांचं पाच ओळींचं बिल अर्ध्या मिनिटात काढून दाखवतो, रंगीत आलेख दाखवतो, आणि मालकांना वाटतं, चला, आपलंही असंच होईल. ते बिल त्याचं असतं. आपलं बिल त्याने अजून पाहिलेलंच नसतं.

म्हणून कुणाला बोलवण्याआधी आठ दिवस चिठ्ठ्या फेकू नयेत. गल्ल्याशेजारी एक डबा ठेवावा आणि कच्चा हिशेब केलेला प्रत्येक कागद त्यात टाकावा. आठवड्याने डबा पालथा केला की धंदा समोर येतो. सरळ बिलं बाजूला काढायची, ती कुठल्याही सॉफ्टवेअरला जमतात. उरतात त्या अवघड चिठ्ठ्या. भांड्यांच्या दुकानात त्या साधारण अशा: मोडीची, लग्नाच्या रुखवताची, ज्यात काही माल वजनावर, काही नगावर आणि दोन समया परत आलेल्या, थोडे पैसे रोख, थोडे यूपीआय आणि उरलेले 'पुढच्या आठवड्यात' असलेली, आणि कल्हईला आलेल्या भांड्याची, ज्यात माल गिऱ्हाइकाचाच आणि घ्यायची ती फक्त मजुरी. यातल्या तीन निवडायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, तुमचा डेमो नंतर बघू, आधी ही तीन बिलं आमच्यासमोर काढून दाखवा. "होईल साहेब, नंतर करून देऊ" हे उत्तर 'नाही' धरायचं. ज्याला येतं तो तिथेच करतो.

गंमत अशी की भांडी बाजाराला लागूनच सराफ बाजार आहे, आणि मोड, घट, घडणावळ हे तिन्ही शब्द सराफांचेही आहेत. सराफी दुकानांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं सोनं घ्यायची चौकट मुळातच असते. वजन, घट, निव्वळ वजन, भाव, मजुरी हे वेगवेगळे रकाने असतात. रोजचा भाव सकाळी एकदा टाकला की दिवसभर तोच लागतो. पितळ विकणाऱ्याने 'भांड्यांचं सॉफ्टवेअर' शोधत बसण्यापेक्षा शेजारच्या गल्लीत काय चालतं ते आधी बघावं. धंद्याचं नाव काय यापेक्षा माल कसा मोजला जातो, याला महत्त्व आहे. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम, करणाऱ्या वर्कशॉपचंही तसंच: तिथे रॉड वजनावर येतो, पार्ट नगावर जातो आणि बुरा, म्हणजे धातूचा कीस, परत वजनावर. त्यांना मालासोबत आलेल्या चलनाप्रमाणे शिल्लक दाखवणारं काहीतरी हवं, कारण प्रक्रियेला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला की नाही, याचा हिशेब पाठवणाऱ्याला द्यावा लागतो. औषधांच्या दुकानाला बॅच, मुदत आणि पट्टीतल्या सुट्या गोळ्या. प्रत्येकाची अडचण मोजमापातच असते.

मोजमापाचं जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त दुकानं इथेच फसतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दोन एककं असतात, पण त्यांचं नातं ठरलेलं: १ डझन म्हणजे १२ नग, १ खोकं म्हणजे २४ डबे. पितळी पातेल्याचं तसं नाही. एकाच नंबरची दोन पातेली काट्यावर कधी ५० ग्रॅमने, कधी १०० ग्रॅमने वेगळी भरतात. एका नगाचं वजन ठरवून ठेवलं की सहा महिन्यांत साठा नगांत बरोबर आणि किलोत चूक, किंवा उलटं. नग आणि वजन हे दोन्ही आकडे प्रत्येक बिलात स्वतंत्र टाकता आले पाहिजेत आणि साठ्यातूनही दोन्ही वेगवेगळे वजा झाले पाहिजेत. डेमोत हे तपासायचं तर दोनच पातेली जमा करावीत, ३ किलो २४० आणि ३ किलो ३१० ग्रॅमची. पहिलं विकावं आणि शिल्लक बघावी. १ नग, ३ किलो ३१० दाखवलं तर ठीक. ३ किलो २७५ दाखवलं तर त्याने सरासरी काढली आहे, आणि ही सरासरी पुढे वर्षभर छळणार.

इलेक्ट्रॉनिक काटा कॉम्प्युटरला जोडता येतो. वजन आपोआप बिलात येतं आणि हाताने टाकताना होणारी आकड्यांची अदलाबदल टळते. पण पुष्कळ काट्यांना जुनी सिरीयल केबल असते आणि नव्या कॉम्प्युटरला ते भोकच नसतं, मध्ये कन्व्हर्टर लागतो. काटा आणि सॉफ्टवेअर यांचा वेग, म्हणजे बॉडरेट, जुळला नाही तर वजनाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. काटा बिघडलाय असं समजून तो उघडू नये. त्यावर वैधमापनचा शिक्का असतो.

मालाची नावं हा अजून एक खड्डा. दुकानात दहा जण बिल करणारे असोत की दोन, नावं एकदाच आणि एकाच पद्धतीने ठरली पाहिजेत. एकजण 'तांब्या' लिहितो, दुसरा 'तांब्याचा तांब्या', तिसरा रोमन लिपीत तेच तीन प्रकारे. शोधलं की धातूही येतो आणि भांडंही. वर्षअखेरीला एकाच वस्तूची चार नावं आणि चार अर्धवट साठे. धातू आधी, मग भांडं, मग नंबर, असा क्रम धरला तर बरं पडतं: पितळ पातेलं १२, पितळ घंगाळ १८, तांबं कळशी ८. हे काम सॉफ्टवेअरवाल्याच्या माणसाकडे अजिबात देऊ नये. दुकानातला सगळ्यात जुना माणूस, ज्याला ओगराळं आणि डाव यातला फरक अंधारातही कळतो, त्याला शेजारी बसवून दोन दुपार घालवाव्यात. नावाबरोबर एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा ठरलेला आकडा, तोही तेव्हाच घालावा. ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर चार आकडी, त्यावर सहा आकडी. तांब्या-पितळेची घरगुती भांडी ७४१८, स्टीलची ७३२३, ॲल्युमिनियमची ७६१५. एकाच पडद्यावर तिन्ही धातू असलेल्या दुकानात नंतर सुधारणं म्हणजे शेकडो ओळी पुन्हा उघडणं.

मराठीतून बिल हवं असेल, आणि भांडी बाजारात ते हवंच असतं, तर जोडाक्षरं छापून बघावीत. छोट्या थर्मल प्रिंटरच्या आत देवनागरी अक्षरं बहुधा नसतात. सॉफ्टवेअर मजकुराचं चित्र करून पाठवत असेल तर छपाई नीट येते, जरा सावकाश येते एवढंच. नुसती अक्षरं पाठवत असेल तर 'झाऱ्या'चे दोन तुकडे होतात आणि 'सूर्यवंशी'तला रफार कुठेतरी पुढच्याच अक्षरावर जाऊन बसतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावं युनिकोडमध्ये नसून एखाद्या जुन्या फाँटमध्ये असतील तर ती एक्सेलमध्ये काढली की निव्वळ कचरा दिसतो. त्यांचं रूपांतर आधी करून घ्यावं लागतं आणि ते माणसाने ओळ न् ओळ तपासावं लागतं. बिलाच्या क्रमांकात मात्र देवनागरी घालायचं नाही. तिथे रोमन अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं, सगळं मिळून १६ च्या आत, आणि आर्थिक वर्षात एक क्रमांक एकदाच.

खिशात चुरगळलेल्या त्या बिलाचं काय झालं असेल?

कागद खिशात गेला, बिल कॉम्प्युटरमध्ये राहिलं. त्याच विक्रीचं दुसरं बिल बिलबुकातून फाडलं गेलं. म्हणजे साठ्यातून एक पातेलं गेलं, पुस्तकात तेच पातेलं पुन्हा विकलं गेलं, आणि महिन्याच्या विवरणात दोन्ही चढली तर कर दोनदा. दुसऱ्या दिवशी कुणी ते कॉम्प्युटरमधलं बिल पुसून टाकलं तर क्रमांकांत भोक पडतं. रद्द केलेलं बिल रद्द म्हणूनच राहायला हवं. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात किती बिलं काढली आणि किती रद्द केली, हे भरावं लागतं. चांगलं सॉफ्टवेअर बिल पुसू देत नाही, रद्द करू देतं, आणि कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद ठेवतं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून ही नोंद सक्तीची आहे. एकट्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या दुकानाला नाही. तरीही ती सुरू ठेवावी. गल्ल्यावरच्या पोराला बिल काढायची मुभा द्यावी. भाव बदलायची, बिल रद्द करायची मुभा मालकांकडे असावी. खरेदीचा भाव पडद्याच्या कोपऱ्यात दिसत नाही ना, हेही बघावं. मागची पिढी खरेदीभाव चिठ्ठीवर अक्षरांच्या गुपित खुणेत लिहायची. आता तो गिऱ्हाइकाकडे तोंड केलेल्या पडद्यावर ठळक दिसतो, असंही पाहायला मिळतं.

कराचा दर तारखेनुसार ठेवता येतो का, हेही विचारावं. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ टक्क्यांनी विकलेली समई नंतर परत आली, तर परतीची नोंद १२ टक्क्यांनीच व्हायला हवी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये दर नुसता पुसून नवा टाकला जातो, तिथे जुनी बिलं उघडली की तीही ५ टक्क्यांची दिसू लागतात. क्रॅक केलेल्या, फुकटात मिळालेल्या आवृत्त्यांना तर असे बदल मिळतच नाहीत. धंद्याचा हिशेब असल्या आवृत्तीवर ठेवू नये, मग ती कुणीही बसवून दिलेली असो.

इंटरनेटवरचं सॉफ्टवेअर घ्यावं की दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं, हा वाद भांडी बाजारात गोदावरीच्या काठावरून बघावा लागतो. पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं त्यावर पूर मोजतो. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी भांडी बाजारात आणि सराफ बाजारात शिरलं होतं. हंडे धुऊन पुन्हा लखलखीत होतात. गल्ल्याखालचा कॉम्प्युटर होत नाही. त्यालाच कायमचा खोचून ठेवलेला पेन ड्राइव्हही त्याच्याबरोबरच जातो, आणि व्हायरस शिरला तर त्याच्याबरोबरच कुलूपबंद होतो. दोन पेन ड्राइव्ह ठेवावेत, रोज आलटून पालटून; रात्री शटर ओढताना त्या दिवसाचा खिशात घालून घरी न्यावा. तिसरी प्रत इंटरनेटवर. महिन्यातून एकदा घरच्या कॉम्प्युटरवर ती प्रत उघडून शेवटचा बिल क्रमांक, गल्ल्याची शिल्लक आणि कोणत्याही एका वस्तूचा साठा दुकानाशी ताडून बघावा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि त्यात पावसाळे येतातच. इंटरनेटवरचं घ्यायचं असेल तर डेमोच्या मध्येच वायफाय बंद करून बिल काढायला सांगावं. जुन्या गल्ल्यांत केबल तुटते, वीज जाते. तेव्हा बिल निघतं की गोल गोल चक्र फिरत बसतं, ते तिथल्या तिथे कळतं.

पैशांबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षाची किंमत सगळेच सांगतात. दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण, दुसऱ्या काउंटरचा परवाना, बिलाच्या नमुन्यात बदल, व्हॉट्सॲपवर बिल पाठवायचा खर्च आणि दुकानात येऊन दुरुस्ती करायचा आकार, हे कागदावर लिहून घ्यावं. वर्गणी थांबवली तर जुना हिशेब नुसता बघता येईल का, आणि माल, खाती, बिलं सगळं एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल का, तेही. हे शेवटचं डेमोतच करून दाखवायला लावावं. आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा: धनत्रयोदशीला संध्याकाळी सात वाजता फोन केला तर उचलणार कोण? त्या संध्याकाळी भांडी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, दोन्ही काउंटरवर रांग असते, यूपीआयचा साउंडबॉक्स अखंड बोलत असतो. तेव्हा माउस शोधत बसावं लागणारं सॉफ्टवेअर चालत नाही. सगळं बिल कीबोर्डवरूनच निघालं पाहिजे. बदल करायचा तो त्या दिवसांत नाहीच. १ एप्रिल उत्तम, नाही तर तिमाहीची पहिली तारीख, आणि पहिला महिनाभर जुनी चिठ्ठी सोबत चालू ठेवावी. रात्री रोजमेळ दोन्हीकडून जुळवावा. बिल मात्र एकाच ठिकाणाहून निघावं.

चिठ्ठीबद्दल मनात माया आहे. पेन्सिलीने खरडलेल्या पाच ओळींत गिऱ्हाइकाला सगळं कळतं, आणि ती उलटी फिरवून समोर ठेवली की त्याचं समाधान होतं. पण तीच चिठ्ठी संध्याकाळी केरात जाते. वर्षभरात किती मोड आली, कोणत्या भावाने आली, वितळायला गेली तेव्हा किती भरली, घट कमी धरली गेली का, हे तिला सांगता येत नाही. भांडी विकणाऱ्याचा पुष्कळसा नफा-तोटा त्या मोडीतच असतो. म्हणून कॉम्प्युटर हवाच. त्याला ती चिठ्ठी वाचता आली पाहिजे, एवढंच मागणं आहे.

त्या दिवशी हाताने लिहिलेलं बिल घेऊन बाई पायरीवर बसलेल्या नाव घालणाऱ्याकडे गेल्या. त्याने विचारलं, "मावशी, नाव काय घालायचं?" बाईंनी मोडीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "त्या हंड्यावरचंच." तो उठला, हंडा उचलून आणला, गळ्यावरची अक्षरं अंगठ्याने पुसली आणि तीच नव्या पातेल्यावर टिपू लागला. टक, टक, टक. पातेल्याच्या काठावर बारीक चमकता कीस उडत होता. सू, मग य, मग वंशी. रफार त्याने शेवटी दिला, एका ठोक्यात, 'य'च्या बरोबर डोक्यावर. बाईंनी बोट फिरवून बघितलं आणि पातेलं पदरात धरून त्या उठल्या. हंडा पुन्हा ढिगात गेला.

चिठ्ठी अजून गल्ल्यावरच्या काचेखाली आहे. चुरगळलेलं बिल हाताने सपाट करून दुकानदारांनी तिच्या शेजारी ठेवलंय. पुढच्या आठवड्यात एक सॉफ्टवेअरवाला येणार आहे, त्याच्यासाठी.